बेरिंगचा पाट

चूक माझी होती आणि ती मी समजून-उमजून केली. लहान होतो, काही कळत नव्हतं, असं म्हणण्याची सोय मला नाही. दहा वर्षांच्या पोराला जेवढं कळायला हवं, तेवढं मला कळत होतं.

अमरावतीत तेव्हा पोरांना एक वेड लागलं होतं. कापसाच्या जिनिंग फॅक्टरीतली मोडीत निघालेली बेरिंगं मिळवायची, ती फळीखाली ठोकायची आणि कँपातल्या डांबरी उतारावरून खडखडत सुटायचं. त्याला आम्ही पाट म्हणायचो. मला तो हवा होता. मायनं एका वाक्यात निकाल लावला. "हातपाय मोडून घेशीन, मंग बसशीन रडत!"

मग मी बाबांच्या मागे लागलो. ते शाळामास्तर होते. महिनाभर न सांगता अभ्यास केला, त्यांची सायकल पुसली, पाय चेपले. बाबा सगळं ओळखून होते. एक दिवस हसून म्हणाले, "बरं, पाहतो." मी लगेच अट घातली, मायला सांगायचं नाही. त्यांनी मान्य केलं.

आमच्या शेजारच्या खोलीत एक विधवा बाई राहायच्या. शिवणकाम करायच्या. मी त्यांना मावशी म्हणायचो. त्यांचा भाऊ अकोल्याला एका जिनिंगमध्ये फिटर होता. बाबांनी त्यांच्याकडे शब्द टाकला. आठवड्यानं अंगणातल्या नळावर मावशींनी निरोप दिला. मी तिथंच उभा होतो.

"पाटाचं जमलं, गुरुजी. भाऊ म्हणे, ऐतवारी अकोल्याले या."

"उपकार झाले. घरी मात्र बोलू नका."

"कायले बोलू? पाट झाला का समजीनच त्याईले!" मावशी हसल्या.

मी सहज मागं पाहिलं. खिडकीत माय होती. हातातलं सूप हलायचं थांबलं होतं.

आमच्याकडे विधवेच्या दुसऱ्या लग्नालाही पाटच म्हणतात. हे मला पक्कं माहीत होतं. वलगावच्या माझ्या मामानं घरात बायको असताना एका विधवेशी पाट लावला होता, आणि मामी आमच्याकडे येऊन आठ दिवस रडली होती. मायच्या मनात काय आलं, ते मला त्याच क्षणी कळलं. मी गप्प राहिलो. बोललो असतो तर पाट गेला असता.

त्यानंतर घरात सगळं हळू आवाजात होऊ लागलं. माय बाबांच्या सदऱ्याचे खिसे चाचपायची. मावशींनी बांगड्या भरल्या का, नवं लुगडं घेतलं का, हे खिडकीतून पाहायची. बाबा शिट्टी वाजवत दाढी करू लागले तर त्यांच्याकडे टक लावून बसायची. बाबांना कशाचा पत्ता नव्हता. रविवारी ते धुतलेलं धोतर नेसून अकोल्याला गेले.

"कावून रे, तुहा बाप अकोल्याले कायले गेला?" मायनं मला धरलं.

"मले काय माहीत?"

"नळावर काय पाट पाट करून राहिले होते?"

"मी नाही आयकलं."

ती तशीच उठून नळावर गेली. चार बाया पाणी भरत होत्या. मावशीही होत्या.

"बाई, माह्या नवऱ्यासंग पाट लावाले अकोल्यापर्यंत कायले पाठोता? इथंच लावा ना, मी पानसुपारी वाटतो!"

बाया तोंडावर पदर घेऊन हसल्या. मावशींना आधी समजलंच नाही. समजलं तेव्हा त्यांचा चेहरा पडला. "अवं, तो पाट तुमच्या पोराचा हाय! खेळाचा! इचारा त्याले." त्या माझ्याकडे वळल्या. "सांग ना रे बापा."

सगळ्या माझ्याकडे पाहत होत्या. मायसुद्धा, आणि तिच्या डोळ्यांत हे खरं निघावं अशी आस होती, ती मला आजही दिसते.

"मले नाही माहीत," मी म्हणालो.

मावशींनी घागर तिथंच ठेवली. दुपारीच शिलाई मशीन टांग्यात घालून त्या भावाकडे निघून गेल्या. संध्याकाळी बाबा आले. काखेत फळी, खाली चार चकचकीत बेरिंगं. मायनं ती पाहिली आणि एक बेरिंग बोटानं फिरवून पाहिलं. मला कोणी मारलं नाही. बाबांनी मावशींना पत्र टाकलं, उत्तर आलं नाही. नळावरच्या बायांना खरं काय ते सांगायला माय कधी गेली नाही. त्यामुळे मावशी 'तसल्याच' होत्या, हे गल्लीत कायमचं ठरून गेलं.

मोठा झाल्यावर, एकोणीसशे साठनंतर, मला अकोल्यात नोकरी लागली. दोन वर्षं मी फिटरच्या घरावरून जायचं टाळलं. एका सकाळी गेलो. मावशी दारात काजं करत बसल्या होत्या. केस पांढरे झाले होते. मी कोण ते सांगितलं. त्यांनी सुई थांबवली, पण बसा म्हटलं नाही.

"कोनं पाठोलं? मायनं?"

"कोणीच नाही."

"मंग आता काय काढलं?"

वाटेत जुळवलेली वाक्यं तिथं उपयोगी पडली नाहीत. मी पायरीवर बसलो. "मावशी, त्या दिवशी मले सगळं माहीत होतं. पाट माहाच होता. माय काय समजली, तेही माहीत होतं. तुम्ही विचारलं तवा मी खोटं बोललो. मले माफ करा."