चार नंबरचं टेबल बंद करावं

इनागाकी-सान मठ्ठ आहेत, असं मी एकवीस वर्षं सगळ्यांना सांगत आले. त्यांच्या तोंडावरही सांगितलं. त्यावर ते नुसतं "बरं" म्हणायचे. आता अशा माणसाशी भांडायचं तरी कसं?

आमचा कारखाना करिया शहराच्या बाहेर, भातखाचरांना लागून. गाडीचं स्टिअरिंग हलकं फिरावं म्हणून त्याला तेलाचा जोर देणारी यंत्रणा आम्ही बनवतो. चार नंबरच्या टेबलावर ते, पाच नंबरवर मी. बनून आलेला नग टेबलाला जोडायचा, चाक डावीकडे टोकापर्यंत फिरवायचं, मग उजवीकडे, आणि कुठे अडकतंय का ते हाताने ओळखायचं. समोर काटा असतो. पण काट्याला कळत नाही ते इनागाकी-सानच्या तळहाताला कळतं. डोळे मिटून चाक फिरवतील आणि म्हणतील, "आत काहीतरी आहे." उघडून पाहावं तर खरंच केसाएवढा लोखंडाचा कीस. आणि हे गृहस्थ येतात सायकलवर, कारण गाडीचा परवाना त्यांनी कधी काढलाच नाही! पावसात बायको, फुसाए-सान, गाडीने सोडायला येते. तिच्या शेजारी बसून हे रस्ताभर "चाक जड आहे, जड आहे" करत राहतात, म्हणून ती त्यांना फाटकाच्या बरंच अलीकडे उतरवते.

आमच्याकडे प्रत्येकाने महिन्याला एक सुधारणा सुचवायची असते. चिठ्ठी लिहून पेटीत टाकायची. नाही टाकली तर सकाळच्या सभेत नाव वाचतात. "हिराइवा" हे माझं आडनाव नव्या लोकांना तिथेच पाठ होतं. इनागाकी-सानचा मात्र एक महिना चुकला नाही. एका वर्षी कचऱ्याचा डबा दोन वीत डावीकडे सरकवावा, पुढच्या वर्षी दोन वीत उजवीकडे. दोन्ही मंजूर! विभागाचे त्सुझुकी साहेब चिठ्ठी वाचतात कुठे, शिक्का मारून मोकळे होतात.

गेल्या नोव्हेंबरात मुख्य कचेरीतून एक टायवाला आला आणि पडद्यावर आलेख दाखवू लागला. जगात स्टिअरिंगचा धंदा वर्षागणिक वाढतोय म्हणे. थायलंड वाढतंय, मेक्सिको वाढतंय, भारताचं तर विचारूच नका. आम्ही टाळ्या वाजवायला लागलो. तेवढ्यात त्याने दुसरी रेघ दाखवली. वाढतंय ते विजेच्या मोटरवर चालणारं, त्यात ना तेल ना पंप. आमची तेलाची रेघ घसरगुंडीवरून खाली चालली होती. ट्रकांपुरतं आणि जुन्या गाड्यांच्या सुट्या भागांपुरतं काम उरेल, त्याला तपासणीचं एकच टेबल पुरे, मार्चअखेर दुसरं बंद. टाळ्या सुरू झालेल्या होत्या, त्या मध्येच थांबवायच्या कशा? मीही वाजवत राहिले.

दोन टेबलं, त्यातलं एक जाणार. इनागाकी-सान कायम नोकरीत, निवृत्तीला दोन वर्षं उरलेली. माझा करार वर्षावर्षाचा, दर मार्चला नव्याने सही होणारा. घरात नवरा नाही, मुलगी नागोयाला नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला. त्सुझुकी साहेबांना विचारलं तर म्हणाले, विचार चालू आहे. आमच्याकडे विचार चालू आहे म्हणजे विचार संपलेला असतो, हे शेंबड्या पोरालाही कळतं. खोटं कशाला बोलू, मी देवळात जाऊन नवस बोलले की त्या म्हाताऱ्याचे हात एकदा भरून येऊ देत. मग माझी मलाच लाज वाटली आणि दुसऱ्या दिवशी त्यांना तांदळाच्या पिठाच्या दोन गोड मोची नेऊन दिल्या. त्यांनी दोन्ही खाल्ल्या आणि दिवसभर कीस शोधत बसले. हात मेले उत्तम चालत होते.

जानेवारीत वर्षातल्या सर्वांत चांगल्या सुधारणेचं बक्षीस असतं. ज्याला मिळेल त्याने पुढे येऊन चिठ्ठी वाचायची आणि किती माणसांचं काम वाचलं ते सांगायचं. पहिलं नाव निघालं इनागाकी-सानचं. मी म्हटलं, डबा कुठल्या दिशेला गेला आता?

त्यांनी चष्मा लावला आणि वाचलं, "चार नंबरचं टेबल बंद करावं. पाच नंबरवर सगळं काम भागतं. वाचणारी माणसं, एक."

कारखान्याचे मोठे साहेब खूष. टाळ्या वाजवत त्यांनी विचारलं, "आणि हे वाचलेलं माणूस कोण?"

"मी," इनागाकी-सान म्हणाले.

मोठ्या साहेबांचे हात हवेतच राहिले. त्सुझुकी साहेब बुटांकडे बघू लागले, कारण शिक्का त्यांचाच. पण सगळ्यांसमोर जाहीर झालेलं बक्षीस मागे घ्यायचं कसं? इनागाकी-सानला प्रमाणपत्र मिळालं, भाजलेल्या वाम माशांचं एक खोकं मिळालं, आणि चार नंबरचं टेबल गेलं.

जेवणाच्या सुट्टीत मी त्यांना फैलावर घेतलं. स्वतःच्या पायावर असा धोंडा कोणी पाडून घेतं का? ते उदोनच्या जाड शेवया शांतपणे ओढत म्हणाले, महिन्याचा शेवटचा दिवस होता, दुसरं काही सुचलंच नाही. मला ते पटलं. वर सगळ्या विभागात सांगत फिरले की चिठ्ठी भरायची म्हणून या माणसाने आपलीच खुर्ची दिली. आतून मात्र मी खूष होते. मार्चमध्ये माझ्या करारावर सही झाली, मुलीला फोन केला, दोघी हसलो.

त्यांना विजेच्या स्टिअरिंगच्या विभागात पाठवलं, पण तपासणीला नव्हे. तिथे यंत्रच तपासतं. बाहेरदेशी जाणाऱ्या लाकडी खोक्यांवर देशाचं नाव छापायचं काम त्यांना मिळालं. लोक सांगतात, शिक्का मारण्याआधी ते प्रत्येक खोकं एकदा डावीकडे हलवून बघतात, एकदा उजवीकडे.

एप्रिलच्या शेवटच्या दिवशी चार नंबरचं टेबल उचलायला माणसं आली, तेव्हा त्सुझुकी साहेबांनी मला त्याचा खण रिकामा करायला लावला. आत जुने हातमोजे होते आणि रबर लावलेला चिठ्ठ्यांचा गठ्ठा. अकरा चिठ्ठ्या, पेन्सिलीने लिहिलेल्या. गठ्ठ्याभोवतीच्या कागदावर तारीख होती, आलेख दाखवला त्याच आठवड्यातली. पहिलीत होतं, पाच नंबरच्या खुर्चीला पाठीशी उशी द्यावी, तिथल्या माणसाची कंबर दुखते. दुसरीत, पाच नंबरचा दिवा उजवीकडे घ्यावा, तिथलं माणूस डावखुरं आहे. तिसरीत, पाय टेकायला फळी द्यावी. अकराच्या अकरा पाच नंबरच्या. नावाची जागा सगळ्यांवर कोरी.

मी गठ्ठा घेऊन तशीच त्यांच्याकडे गेले. मेक्सिकोची खोकी चालली होती.

"सुचलं नाही म्हणालात ना?" मी म्हटलं.

"त्या माझ्या नाहीत," ते मान वर न करता म्हणाले. "वर्षभर पुरतील तुम्हाला. एप्रिलची धरून मार्चपर्यंत. एक महिना तुम्हीच काहीतरी सुचवा."

मी तिथेच एका खोक्यावर बसले आणि ढसाढसा रडले. इनागाकी-सान पार घाबरून गेले. इकडे बघितलं, तिकडे बघितलं, आणि हळूच म्हणाले, "हिराइवा-सान, उठा, त्यावरची शाई ओली आहे. आणि एकीवर नाव घाला पटकन, पेटी पाच वाजता उघडतात."