हमद टाउनची चौदा घरं

जुन्या इमारती मोजण्याचं काम असलं की माणूस टेप घेऊन जातो आणि किस्सा घेऊन परत येतो. टेप गुंडाळून कपाटात ठेवता येते, किस्से कुठे ठेवणार? चहाला बसलो की निघतातच एकेक. त्यात आमचं काम राजवाडे, किल्ले मोजण्याचं नाही. सरकारने चाळीसेक वर्षांपूर्वी सामान्य लोकांसाठी बांधलेली काँक्रीटची घरं आम्ही मोजतो. साधी, चौकोनी, सपाट छपराची.

तर इथे बहरीनमध्ये हमद टाउनची एक गल्ली, चौदा घरांची. ती पाडून तिथे टॉवर बांधायचा प्लॅन तयार होता. वारसा समितीची अट एकच होती: निदान एक घर बांधलं तेव्हा होतं तसंच दाखवा, गल्ली वाचेल. नाहीतर खलास! आमचे साहेब युसूफ सर इथलेच, बहरीनी आर्किटेक्ट. मी पुण्याची, स्ट्रक्चरल इंजिनियर. तिसरा आमचा फोरमन सावंत, कुडाळचा. एवढी आमची फौज.

*

माझ्या मुलाला शाळेत हेरिटेजवर प्रोजेक्ट होतं. मी उत्साहाने या गल्लीचे फोटो दाखवले. त्याने दोन मिनिटं पाहिले.

“आई, धिस इज जस्ट अ हाउस. स्कूल बसमधून रोज दिसतं.”

“मग हेरिटेज म्हणजे काय रे?”

“जिथे तिकीट लागतं ते.”

त्याने किल्ला काढला आणि त्याला ए ग्रेड मिळाली.

*

समितीवर वॉर्सॉच्या बार्बरा मॅडम आहेत. सत्तरी ओलांडलेल्या. त्यांचं लहानपण समाजवादी सरकारने बांधलेल्या अशाच काँक्रीटच्या घरात गेलं. “आम्ही त्यांना खोकी म्हणायचो,” त्या एकदा म्हणाल्या. “पाडायला लागले तेव्हा कळलं, आम्ही त्यात वाढलो होतो.”

सावंताला हे काही पटत नव्हतं. “बाई, ह्येच्यात बघण्यासारखा काय आसा? ना कळस, ना कमान,” तो मला म्हणायचा. मी ते मॅडमना इंग्रजीत सांगितलं. ऑगस्टातल्या भर दुपारी त्यांनी सावंताला एका घराच्या अंगणात उभं केलं. बाहेर डांबर वितळत होतं. अंगणाच्या भिंतीला काँक्रीटची जाळी होती, आणि ती अशा कोनात बसवलेली की एवढ्या उन्हातही खोलीच्या दारात सावली होती आणि वाऱ्याची बारीक झुळूक येत होती. मॅडमनी सावंताचा हात धरून आतल्या भिंतीला लावला. भिंत गार होती. एसी बंद होता.

सावंत बराच वेळ हात तसाच ठेवून उभा राहिला. मग बाहेर आला, आणि पुन्हा आत जाताना त्याने बूट काढले.

साइटवर सेफ्टी शूज काढायची सक्त मनाई आहे. सेफ्टी ऑफिसर ओरडला तेव्हा सावंत शांतपणे म्हणाला, “साब, अंदर में मफी जूता.” आखातात ‘मफी’ म्हणजे नाही.

*

पहिली सातही घरं कुठे ना कुठे बदललेली निघाली. आठव्या घरात मात्र अंगणाची जाळी जशीच्या तशी होती. वर मजला चढवलेला नव्हता, खिडक्यासुद्धा मूळच्याच. मला तर नाचावंसं वाटलं. मालकांना सांगितलं, गुरुवारी समिती येईल, मोठमोठी माणसं तुमचं घर बघायला येणार आहेत. त्यांचे डोळे भरून आले.

गुरुवारी गेलो तर दर्शनी भिंतीला पांढरीशुभ्र चकचकीत फरशी! जाळी काढून तिथे निळी काच बसवलेली. मालक नवा पायघोळ थोब घालून दारात उभे.

“तुम्ही येणार म्हटल्यावर असं कसं चालेल?” ते म्हणाले.

त्यांच्याकडचा हलवा फार सुरेख होता. आम्ही खाली मान घालून खाल्ला.

*

अकराव्या घराची तर पार वाट लागलेली. अंगण बुजवून हॉल केलेला, जाळीच्या जागी एसीच्या खिडक्या, वर जिना वाकडातिकडा. मी गाडीत बसून तोंडसुख घेतलं. म्हटलं, हे ज्याने केलं त्याची डिग्री काढून घ्यायला हवी.

युसूफ सर गाडी चालवत होते. पुढच्या राउंडअबाउटला त्यांनी गाडी हळू केली.

“ते आमचं घर होतं,” ते म्हणाले. “मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होतो. वडिलांनी मोठ्या अभिमानाने माझ्याकडून प्लॅन काढून घेतला.”

त्या दिवसापासून मी गाडीत फक्त हवापाण्याचं बोलते.

*

बाकीच्या घरांवरही मजले चढलेले. राहिलं फक्त चौदावं घर. तिथले अबू हसन आणि उम्म हसन हे नवरा-बायको महिनाभर मुलीकडे गेले होते. ते परतले, आम्ही आत गेलो आणि तिघेही दारातच थबकलो. जाळी, अंगण, दारं, बटणं, सगळं पहिल्या दिवसाचं. “यल्ला, चला, मोजा,” एवढंच सर म्हणाले. दुसऱ्याच दिवशी समिती आली.

उम्म हसन कॉफीची किटली घेऊन आल्या. डावा हात भिंतीला अलगद लावत चालत होत्या. तेव्हा मला कळलं की त्यांना दिसत नाही.

“या घरात आलो आणि दोन वर्षांत तिची नजर गेली,” अबू हसन म्हणाले. “शेजाऱ्यांनी मजले चढवले. मी खिळासुद्धा ठोकला नाही. हे घर तिला पाठ आहे. नवा फ्लॅट मोठा देणार म्हणतात, पण तिथे ती एका खुर्चीत बसून राहील.”

समितीचे अध्यक्ष कागदाचे पक्के. “तुमचं खरं असेल,” ते म्हणाले, “पण काही बदललं नाही याला पुरावा? जुने फोटो, नकाशा?”

अबू हसनकडे काहीच नव्हतं.

उम्म हसननी किटली ठेवली. त्या उठल्या आणि भिंतीला बोटं लावत निघाल्या. जाळीवरून, दाराच्या चौकटीवरून, स्वयंपाकघराकडे वळणाऱ्या कोपऱ्यावरून. सगळे त्यांच्या मागे. कोपऱ्याच्या पलीकडे त्या थांबल्या आणि नखाने भिंतीवरचं काहीतरी खरवडून काढलं.

नखाएवढा कागदी ठिपका होता. आदल्या दिवशी मोजणीच्या खुणेसाठी आम्ही भिंतीभर असे चिकटवले होते आणि जाताना काढले होते. एक राहिला होता.

त्यांनी तो अध्यक्षांच्या तळहातावर ठेवला.

“एवढं नवीन आहे,” त्या म्हणाल्या.