गोरेबुवांना हुंकारा

मनोरमाताईला स्थळ सांगून आलं तेव्हा आमच्या दादांनी दोनच गोष्टी पाहिल्या. मुलगा रेल्वेत आहे आणि विडी ओढत नाही. तोंडाने तो आणखी काय काय करू शकतो, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही. म्हणून माझ्या बहिणीच्या नशिबी क्लॅरिनेट आलं.

गोपीनाथ चुरी, म्हणजे माझे भावोजी, डहाणू रोड स्टेशनात पार्सल क्लार्क होते. हंगामात चिकूच्या करंड्यांच्या राशीत हा किडकिडीत माणूस कानावर पेन्सिल लावून उभा असायचा. वाडीवाल्यांशी गुजराती, हमालांशी मराठी आणि साहेबाशी इंग्रजी बोलायचा, पण तिन्ही भाषांत सारखाच कमी. मी गावातल्या प्राथमिक शाळेत शिकवत होते आणि त्यांच्या क्वार्टरपासून चार घरं सोडून राहत होते. मेहुणी म्हणून त्यांची थट्टा करायचा मला हक्क होता. तो मी कधी सोडला नाही.

त्रेपन्न सालची गोष्ट असावी. खोरशेदबाई नावाच्या एका पारशीण बाईंची मोठी चिकूवाडी होती. त्यांच्या मुलाने लढाईच्या काळात मुंबईत अमेरिकन सोल्जरांकडून एक चावीचा फोनो आणि पेटीभर तबकड्या घेतल्या होत्या. मुलगा पुढे विलायतेला गेला तो तिकडचाच झाला. करंड्या फुटल्याच्या तक्रारीवरून भावोजी एकदा वाडीवर गेले, तेव्हा बाईंनी ती पेटी त्यांच्यापुढे सरकवली. "लई जा, भाई. मारुं तो माथुं दुखे छे," एवढंच त्या म्हणाल्या. भावोजींनी फोनो सायकलच्या कॅरियरला बांधला, पेटी हँडलला अडकवली आणि सायकल हातात धरून ते चालत घरी आले.

सगळ्या तबकड्या एकाच बँडच्या निघाल्या. अमेरिकेतला बँड, पंधरा-सोळा माणसांचा, आणि त्यांचा म्होरक्या स्वतः पुढे उभा राहून क्लॅरिनेट वाजवणारा. तबकड्यांवरची नावं घासून गेली होती. एका फाटक्या पाकिटावर त्याचं चित्र होतं, चापून बसवलेले केस आणि हातात काळी नळी. भावोजी त्याला गोरेबुवा म्हणू लागले. हे नाव गावात इतकं रुळलं, की आमच्या हेडमास्तरांनी एकदा मला विचारलं, हे गोरेबुवा पुण्याचे की मिरजेचे? मी सांगितलं, जरा त्याच्या पलीकडचे.

पहिली तबकडी लागली तेव्हा मी तिथेच होते. खरं सांगते, मला तो नुसता गोंधळ वाटला. सगळे कर्णे एकदम उठत होते, एकदम बसत होते, खाली ढोल धावत होता. पण पोरांचा दंगा चालू असताना एखादी बाई आवाज न चढवता आपलं म्हणणं पुरं करते ना, तसं ते क्लॅरिनेट त्या सगळ्यावरून चाललं होतं. तीन मिनिटांत तबकडी संपली. भावोजींनी चष्मा काढून पुसला.

"वसू," ते मला म्हणाले, "इतकी माणसं वेगवेगळं वाजवतात आणि भांडत नाहीत."

रेल्वेतल्या माणसाला याचं नवल वाटणं साहजिक होतं, असं मी म्हणाले. ते हसले नाहीत. त्यांनी चावी भरून तबकडी पुन्हा लावली. पुढे फोनोच्या पिना संपल्या तेव्हा बाभळीचे काटे तासून त्यावर गोरेबुवा चालू राहिले. काट्यावर आवाज बारीक येतो, म्हणून भावोजी फोनोत जवळजवळ डोकं घालून बसायचे.

ऐकण्यावर भागलं असतं तर मनोरमाताईने काही म्हटलं नसतं. पण गावात काशीनाथचा लग्नातला बँड होता आणि त्याच्या वारलेल्या भावाचं क्लॅरिनेट घरात पडून होतं. भावोजी त्याच्याकडे शिकायला जाऊ लागले. काशीनाथचा कॉर्नेट, म्हणजे आखूड कर्णा, पंचक्रोशीत नावाजलेला. त्याने सहा महिने त्यांना नुसतं फुंकायला लावलं. दोन वर्षांत भावोजी सुट्टीच्या दिवशी बँडबरोबर लग्नांना उभे राहायला लागले. पगारी माणूस, शाळेत जाणारी मुलगी, आणि वाजंत्र्यांत उभा! ताई माझ्याजवळ रडायची. नवरा जुगारी असता तर शेजारणींना सांगून मन तरी हलकं केलं असतं, बाजा वाजवतो हे कोणत्या तोंडाने सांगू, असं तिचं म्हणणं. बँडचा लाल कोट अंगाला लावायचा नाही, एवढी एक अट तिने घातली आणि भावोजींनी ती जन्मभर पाळली. लाल कोटांच्या मधोमध पांढऱ्या सदऱ्यातला हा माणूस त्यामुळे उलट लांबून ओळखू यायचा, पण हे मी तिला कधी सांगितलं नाही.

भावोजींना नुसतं वाजवायचं नव्हतं. त्यांना तो आवाज हवा होता, गोरेबुवांचा, सगळ्यांनी मिळून केलेला. आणि इथेच घोडं पेंड खात होतं. लग्नाच्या बँडची रीत अशी की सगळे एकच चाल वाजवतात. जेवढी माणसं जास्त तेवढी चाल मोठी. वेगळं वाजवलं म्हणजे चुकलं. भावोजींनी सगळ्यांना घरी बोलावून तबकड्या ऐकवल्या. त्यातल्या एकीला तडा होता, फेऱ्यागणिक 'टक' असा आवाज यायचा. बारक्या ताशेवाल्याने ती चाल इतकी मन लावून उचलली, की तो टकसुद्धा त्याने ताशावर बसवला, आणि काही केल्या सोडेना. बुवांनी ठेवलाय तर आपण का काढायचा, असा त्याचा सवाल. पण आपापलं वेगळं वाजवा म्हटलं की सगळ्यांची तोंडं उतरायची.

"बाबू, असं वाजवलं तर लोक म्हणतील बँड फुटला," काशीनाथने भावोजींना सांगून टाकलं.

भावोजींनी कागदावर लिहून पाहिलं, हात वर-खाली करून पाहिलं. दोन सुरांपलीकडे गाडी जाईना. सगळे हळूहळू एकाच चालीत गोळा व्हायचे.

मग एका रविवारी मी सुधाला, म्हणजे त्यांच्या मुलीला, भरवत बसले होते. शाळेत जाऊ लागली तरी ती जेवायला महाखट्याळ. गोष्ट सांगितली तरच घास घ्यायची, आणि आमच्याकडची पद्धत अशी की ऐकणाऱ्याने मध्ये मध्ये हुं म्हणायचं. हुंकारा मिळाला नाही तर सांगणाऱ्याने थांबायचं. मी कोल्ह्याची गोष्ट सांगत होते. सुधा कधी लांब हुं करायची, कधी दोनदा तोडून, कोल्हा विहिरीत पडला तेव्हा तर हुं हुं हुं. भावोजी पेपर वाचत होते. त्यांनी पेपर खाली ठेवला, सदरा चढवला आणि गोष्ट अर्धी असतानाच पायात चपला नसलेला तो माणूस काशीनाथच्या घराकडे निघाला.

त्यांनी बँडला सांगितलं ते काशीनाथने पुढे शंभरदा सगळ्यांना सांगितलं. क्लॅरिनेट गोष्ट सांगतं. तुम्ही गोष्ट सांगायची नाही, तुम्ही हुं म्हणायचं. पण सगळ्यांनी एकदम म्हणायचं, आणि गोष्ट जशी वळेल तसा हुं वळवायचा.

वेगळं वाजवा म्हटलं तर ज्यांना चुकल्यासारखं वाटायचं, त्यांना हुं म्हणा म्हटल्यावर विचारायला काही उरलंच नाही. ते प्रत्येकाने आईजवळ बसून केलेलं होतं. दोन कॉर्नेट आणि युफोनियमचा मोठा कर्णा मिळून हुंकारा द्यायला लागले आणि वरून भावोजी सांगायला लागले. महिन्याभरात आशागडच्या एका लग्नात काशीनाथच्या बँडने साधी सिनेमाची चाल अशी काही वाजवली, की नवरा घोड्यावर ताटकळला आणि वऱ्हाड बँडभोवती उभं राहिलं. तिथून तलासरीपर्यंतची बोलावणी येऊ लागली. विवळवेढ्याच्या जत्रेत तर लोक चालता चालता थांबायचे. माझी कोल्ह्याची गोष्ट होती, हे मात्र कुणीही कधी सांगितलं नाही.

एक गोम होती. हे सगळं भावोजी पुढे उभे असले तरच व्हायचं. एकदा सरावलीच्या लग्नाच्या दिवशी त्यांना ताप भरला. क्लॅरिनेटवर चैत्या उभा राहिला. चैत्या रेल्वेचाच गँगमन, वाजवायला भावोजींकडेच शिकलेला, फुप्फुस लोहाराच्या भात्यासारखं. पण भावोजी नाहीत म्हटल्यावर पाच मिनिटांत सगळा बँड घाबरून जुन्या एका चालीत जाऊन बसला. काशीनाथने येऊन खाली मान घालून हे सांगितलं, तेव्हा तापातल्या भावोजींनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

सहासष्ट साली सुधाचं लग्न ठरलं. वाणगावची चांगली माणसं, मुलगा पोस्टात. सगळं जुळलं आणि बैठक उठता उठता मुलाच्या काकांनी अट सांगितली. बँड तुमचाच असू दे, पण मुलीच्या बापाने वाजंत्र्यांत उभं राहू नये. भावोजी लगेच हो म्हणाले. त्यांना समजवावं लागेल म्हणून ताईने तोंड उघडलं होतं, ते तसंच राहिलं. मी त्यांच्यामागून अंगणात गेले. ते पेरूच्या झाडाखाली उभे होते.

मी म्हटलं, भावोजी, एक दिवसाचा प्रश्न आहे, त्यात काय एवढं?

"उभा राहणार नाही त्याचं काही नाही गं," ते म्हणाले. "पण माझ्यामागे ते पुन्हा एकाच चालीत गेले, तर इतकी वर्षं मी केलं काय? माझ्यावर मर्जी म्हणून ते तसं वाजवत होते, एवढंच झालं ना."

या माणसाला मी इतकी वर्षं हौशी समजत आले होते.

लग्नाच्या सकाळी मांडवात पुण्याहवाचन चालू होतं. भावोजी सोवळं नेसून पाटावर, शेजारी शालू नेसलेली ताई, तिचा उजवा हात रीतीप्रमाणे त्यांच्या हाताला लावलेला. सुधा मागच्या खोलीत हळदीच्या अंगाने बसली होती. जानवसा स्टेशनापलीकडच्या शाळेत. तिथून नवरदेवाला घेऊन बँड निघाल्याचं कुणीतरी येऊन सांगितलं. मी पंचपात्रात पाणी घालायला बसले होते, म्हणून मला भावोजींचा चेहरा समोर दिसत होता. भटजी सांगत होते, ते पळीने पाणी सोडत होते. कान मात्र मांडवात नव्हते.

आधी ढोल ऐकू आला, मग रेल्वे फाटकाजवळ चैत्याचं क्लॅरिनेट. गोरेबुवांचीच एक चाल होती. चैत्याने तोंड उघडलं आणि कॉर्नेटनी खालून दाट, एकजुटीचा हुंकारा दिला. भावोजींची पळी अर्ध्यावर थांबली. आवाज जवळ येत गेला. वळणावर बहुधा चैत्याचा दम तुटला, का बोट चुकलं, कोण जाणे. क्लॅरिनेट एकदम बंद पडलं.

भावोजींनी डोळे मिटले. आता बँड एका चालीत जाणार, हे मलाही कळत होतं. इतक्या वर्षांत मला तेवढं कळायला लागलं होतं. पण कॉर्नेट हलले नाहीत. सांगणारा गप्प झाला तरी ते हुं म्हणत राहिले. एकदा, दोनदा, मग जरा वर चढवून, अरे मग पुढे काय झालं, असं विचारल्यासारखं. आणि चैत्याने श्वास घेतला आणि जिथे सोडली होती तिथूनच गोष्ट उचलली. त्या क्षणी मला रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही.

इतकी वर्षं हा माणूस त्या आवाजाच्या पोटात उभा होता. बाहेरून त्याने तो कधी ऐकलाच नव्हता.

"यजमान, मम म्हणा," भटजी म्हणाले.

"हुं," भावोजी म्हणाले.

भटजी थांबले. बायका पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. नवरीचा बाप झोपला की काय, असं कुणीतरी पुटपुटलं. भटजींनी घसा साफ करून पुन्हा मोठ्याने सांगितलं, "मम म्हणायचं, मम."

बाहेर कर्णे उठले. मिटल्या डोळ्यांनी भावोजींनी पुन्हा लांब हुंकारा दिला.

मी ताईकडे पाहिलं. आता ती त्यांना कोपर मारणार, याची मला खात्री होती. बाजाचं नाव काढलं तरी ज्या बाईच्या कपाळाला आठी पडायची, तिने नवऱ्याच्या हातावरचा आपला हात काढला नाही. उलट दुसऱ्या हाताने त्यांच्या हातातली पळी अलगद काढून ताम्हनात ठेवली.

"जरा थांबा, भटजी," ती म्हणाली. "मुहूर्ताला वेळ आहे. त्यांना ऐकू दे."