मल्हारी पेंटरची लंका

पडदा वर जातो. नाशिक-सिन्नर रस्त्यालगतची एक शाळा, सन दोन हजार तीन. पटांगणात खुर्च्या, खुर्च्यांसमोर भिंत, भिंतीवर जुनी साडी टांगलेली. साडीमागे जगाचा नकाशा. आणि विंगेत, म्हणजे पाण्याच्या टाकीआड, धुतलेला सदरा घालून मल्हारी पेंटर.

आमच्या नाटक कंपनीचे सगळे पडदे त्यानेच रंगवले. मी रावण करायचो. माझी सोन्याची लंका त्याच्या हातची. पुढे घरोघरी केबल आली, कंपनी बसली, पडदे कांद्याच्या चाळीवर झाकायला गेले. मल्हारी दुकानांच्या पाट्या रंगवू लागला, तर फ्लेक्स आला. शेवटी हेडमास्तर यादव सरांनी त्याला ही भिंत दिली. नकाशा उद्घाटनाला येणाऱ्या शिक्षणाधिकारी साहेबांना आवडला तर तालुक्यातल्या बाकीच्या शाळाही त्याला मिळणार होत्या. नाही मिळाल्या तर ब्रश कायमचा खाली ठेवायचा, असं तो मला म्हणाला होता.

साहेबांनी साडी ओढली.

काय समुद्र काढला होता त्याने! लाटांवर ऊन चमकत होतं, शिडाचं गलबत चाललं होतं. मधोमध भारत. त्याच्याखाली लंका, भारताएवढी, सोनेरी तटबंदीसकट. आणि तिच्याखाली काहीच नाही. आफ्रिकेचं शेपूट तुटलेलं, ऑस्ट्रेलिया गायब.

"ऑस्ट्रेलिया कुठाय हो?" साहेबांनी विचारलं.

मल्हारी पुढे आला. "खालची पट्टी मोकळी ठेवावी लागती साहेब. तिथं नट उभे ऱ्हातात. त्यांच्या पायामागं काढलेलं वाया जातं."

"आणि ही एवढी लंका?"

"शेवटच्या रांगंतून दिसाया नको?"

"सर, रावणाला कळवा," साहेब म्हणाले, "राज्य वाढलंय त्याचं."

सगळं पटांगण हसलं. यादव सर सगळ्यात मोठ्याने हसले. महिनाभर त्याच भिंतीसमोर चहा पीत "वा मल्हारी" म्हणणारे यादव सर. आम्हाला नाटकात मिळालेलं हसू मी आयुष्यभर झोळीत भरून घेतलं, पण त्या दिवसाचं कुठे ठेवावं ते अजून कळलेलं नाही.

"पुसून टाका," सर त्याला म्हणाले. "चुना शाळेचा घ्या."

दुसऱ्या दिवशी मीही कुंचा घेऊन गेलो. दोघांनी मिळून पहिला हात मारला. गलबत गेलं, समुद्र गेला.  मग मल्हारीने ब्रश बादलीत धुतले, माझ्या हातात दिले आणि पिशवी उचलली. सिन्नरला एका कारखान्यात वॉचमनची जागा होती, संध्याकाळपासूनच हजर व्हायचं होतं.

त्यानंतर आमची भेट नाही. पुढच्या वर्षी तो तिकडेच वारला.

त्या दुपारी सिन्नरचा जीपवाला हॉर्न देत होता. मल्हारी पायरीवर चढला आणि वळून भिंतीकडे बघत राहिला.

"तात्या," तो मला म्हणाला, "दुसरा हात पहिला वाळल्यावरच मारा. ओल्यावर मारला तर लंका परत वर येती."