पंचायतीचा रेडिओ आणि रंगराव गुरुजी

रंगराव गुरुजींबरोबर तुळशीराम दीड वर्ष एका शाळेत होता, एका भिंतीआड राहिला, आणि तरी त्यांच्याबद्दल कोणी विचारलं असतं तर त्याला दहा वाक्यं धड सांगता आली नसती. ते मोताळ्याकडचे होते. बायको वारली होती की माहेरी होती, हे त्याने कधी विचारलं नाही. दोघेही भिडस्त. चहाला बोलवायचं तरी आधी दारात उभं राहून खोकायचे.

शाळा जानेफळपासून दोन कोसांवरच्या खेड्यात. चार वर्ग, शिक्षक हे दोघेच. साल सहासष्ट असावं. गावात ट्रान्झिस्टर एकच, ग्रामपंचायतीचा. संध्याकाळी चावडीवर लोक त्यावर शेतीचा कार्यक्रम ऐकायचे, दिवसा तो पेटीत पडून असायचा. रंगरावांनी सरपंच हिंमतरावांकडे सहा खेपा घातल्या, तेव्हा कुठे मंगळवारी आणि गुरुवारी दुपारी तो तासभर शाळेला मिळू लागला. अट एकच. शाळेपायी संध्याकाळचा कार्यक्रम बुडाला, तर रेडिओ पुन्हा शाळेत येणार नाही.

एवढी धडपड कशासाठी, हे त्यांनी एकदाच सांगितलं. अकोल्याला ट्रेनिंगला असताना त्यांनी धडा वाचला आणि सगळा वर्ग हसला होता.

"माही जीभ काही आता सुधरत नाही," ते म्हणाले. "पण ह्या पोरायले मेहकरच्या हायस्कुलात गेल्यावर कोणी हसू नये."

रेडिओच्या तासाला ते टेबलावर धुतलेला पंचा अंथरायचे. नागपूर केंद्रावरच्या शालेय कार्यक्रमातल्या बाई 'नमस्कार मुलांनो' म्हणाल्या की चौथीच्या वर्गाने उभं राहून, हात जोडून 'नमस्कार बाई' म्हणायचं, हा त्यांचा दंडक. बाईंना ऐकू जात नाही हे पोरांना ठाऊक होतं. पण बोलणाऱ्याला उत्तर दिलं पाहिजे, असं ते म्हणत, आणि सगळ्यांत आधी हात त्यांचेच जुळत. मग बाई बोलत, ते फळ्यावर अवघड शब्द लिहीत, आणि नंतर पोरांकडून ते तसेच म्हणवून घेत. चांगुणा नावाच्या मुलीला बाईंचा सूर हुबेहूब साधायचा. तिला ते पुन्हा पुन्हा म्हणायला लावायचे आणि स्वतः खिडकीबाहेर बघत ऐकायचे. त्या वेळी त्यांना वर्गाचा विसर पडत असावा, असं तुळशीरामला वाटायचं. खात्री नाही.

तास संपला की रेडिओतले चारही सेल ते काढून शाळेच्या पत्र्यावर उन्हात ठेवायचे. बॅटरीचे सेल गावात सगळेच असे वाळवत. त्याने थोडा जीव येतो, हे खरंच होतं.

पौषात आभाळ आलं आणि आठवडाभर ऊन पडलं नाही. बुधवारी चावडीवर रेडिओचा आवाज बारीक झाला. नवे सेल शनिवारी बाजारातून येणार होते. गुरुवारी सकाळी रंगरावांनी रेडिओ आणला, कानाला लावून पाहिला, आणि सेल काढून चुलीतल्या निखाऱ्यांवर ताटलीत ठेवले. तुळशीराम दारात उभा होता. ऊन वेगळं आणि विस्तव वेगळा, एवढं त्याला कळत होतं. पण ते वडीलधारे. त्यांना कसं अडवायचं? एक सेल उकलला, काळं काही बाहेर आलं. रंगरावांनी ते पुसलं आणि सेल घालून बटण फिरवलं. रेडिओ जरासा खरखरला. मग आतून ओघळ आला आणि तो गप्प झाला.

तासाची वेळ झाली, तरी त्यांनी पोरांना घरी सोडलं नाही. पंचा अंथरला, त्यावर मुका रेडिओ ठेवला, आणि त्याच्याशेजारी उभे राहून बाईंसारखं जपून, शुद्ध म्हणाले, "नमस्कार मुलांनो."

आधी चांगुणा हसली, मग अख्खा वर्ग हसला. कोणी उठलं नाही. तुळशीराम आपल्या वर्गाच्या उंबऱ्यात होता. त्याचे हात छातीपर्यंत आलेही होते. मग त्याने सदऱ्याचं बटण लावल्यासारखं केलं आणि तो आत वळला.

संध्याकाळी हिंमतराव रेडिओ न्यायला आले. रागावले नाहीत. फक्त म्हणाले, "गुरुजी, सेल का पापड हायेत भाजाले?" चावडीवरची माणसं हसली, रंगरावही हसले. रेडिओ मेहकरहून दुरुस्त होऊन आला तो चावडीवरच राहिला. पुढे शाळेत धडा वाचायची वेळ आली की ते पुस्तक चांगुणाच्या हाती देत. बदलीचा अर्जही त्यांनी स्वतःच केला, हे तुळशीरामला हुकूम आल्यावर कळलं.

फाल्गुनात तो त्यांना फाट्यावर पोचवायला गेला. ट्रंकेची एक कडी त्याच्या हातात, दुसरी त्यांच्या. त्या गुरुवारबद्दल काय बोलायचं, ते तो वाटभर मनात जुळवत होता. तेवढ्यात गाडी आली.

"चौथीच्या भूगोलातल्या नद्या झाल्या," रंगराव पायरीवरून म्हणाले. "पिकांपासून घेजा."

"हाव. खडू हायेत का कपाटात?"

"दोन डबे हायेत."