ठंडे केलेले कागद

वत्सगुल्म इतिहास मंडळाची स्थापना १९३४ च्या दसऱ्याला वाशीमच्या एका वाचनालयातील मागच्या खोलीत झाली. त्या दिवशी उस्मान जिल्दसाज तेथे हजर होता, पण सभासद म्हणून नव्हे; नोंदवह्या शिवून द्यायला गेला होता. पुस्तकबांधणी हा त्याचा पिढीजात धंदा. वर्षभरातच मात्र मंडळाच्या ध्यानात आले, की त्याच्यावाचून आपले पान हलत नाही. चिटणीस बापूराव हे वकील. ते जुने कागद मागायला गेले, की लोक दार लावून घेत. वकिलाच्या हाती कागद गेला म्हणजे उद्या दावा उभा राहणार, ही धास्ती. उस्मान सोबत असला, की पेट्या उघडत. तो कागद उजेडात धरी, कसर कुठे लागली ते दाखवी आणि म्हणे, "खळ लावून देतो. नक्कल झाली, की मीच आणून देईन." पावतीवर सही बापूरावांची असे, भरवसा उस्मानवर असे.

गुलाबराव माळ्याचा कागद असाच मिळाला. गावाला लागून त्याचा वांग्या-कांद्यांचा मळा होता, आणि घरात एक फारसी सनद होती; मळ्यातली विहीर पूर्वजांना बक्षीस मिळाल्याचे तिच्यात लिहिले आहे, अशी समजूत होती. वाचणारा कोणी नव्हता. दर दिवाळीला तिला हळदकुंकू वाहिले जाई, इतकेच.

सनद मिळाली त्याच श्रावणात उस्मानची बायको लतीफा दोन दिवसांच्या तापाने गेली. उस्मानने जे जे करायचे ते केले. लोक आले, बसले, उठून गेले. आपल्याला दुःख झाले आहे का, हे त्याला नीट कळेना. तो दुकानातले काम घरी आणून करू लागला. खळ शिजवायची, कसर लागू नये म्हणून त्यात चिमूटभर मोरचूद घालायचा, कागद चिकटवायचा, वाळत ठेवायचा. हात चालत होते. गुलाबरावाची सनद त्याने दुरुस्त केली आणि वाळायला भिंतीतल्या कोनाड्यात ठेवली.

त्या कोनाड्यात त्याची आई अमीनाबी मोहल्ल्यातले फाटके कायदे, म्हणजे मुलांची अरबी मुळाक्षरांची पुस्तके, आणि कुराणाच्या सिपाऱ्यांची सुटी पाने जमवून ठेवीत असे. अल्लाचे नाव पायदळी येऊ नये म्हणून वर्षातून एकदा ती पाने मशिदीमागच्या विहिरीत दगड बांधून सोडायची, ठंडी करायची, हा तिचा जुना नेम. तिला अक्षरओळख नव्हती. लतीफाला होती; दरसाल पाने तीच निवडून देई, ही दीनाची म्हणजे धर्माची, ही दुकानाची. त्या वर्षी निवडायला कोणी नव्हते.

नक्कल करणारा मुन्शी चार दिवसांनी येणार, असा बापूरावांचा निरोप आला, तेव्हा उस्मानने कोनाडा पाहिला.

"अम्मा, इथले कागद?"

"ठंडे केले ना बेटा, जुम्म्याले. समदे."

तो विहिरीवर जाऊन वाकून पाहून आला. पाणी हिरवे होते.

बापूरावांनी सगळे ऐकून घेतले आणि खोलीचे दार लोटले. "उस्मान, आपल्याकडे बेवारशी फारसी कागद तीन आहेत. त्यातला एक त्याला द्या. त्याला काय कळणार? हे बाहेर फुटलं, तर उद्या प्रत्येक जण आपला कागद मागायला येईल. मंडळ बसेल खाली."

"हो, वकीलसाहेब," उस्मान म्हणाला. बापूरावांनी काढून दिलेला कागद त्याने फडक्यात गुंडाळला आणि मळ्याची वाट धरली.

गुलाबराव वाफ्यांना पाणी देत होता.

"या उस्मानभाई! आनला का माहा कागद?"

"तुमचा कागद गेला, गुलाबभाऊ. आमच्या अम्मानं विहिरीत सोडला. दीनाचा समजून."

गुलाबरावाने फावडे टेकवले. "न् हे फडक्यात काय हाये?"

"दुसरा हाये. वकीलसाहेबांनी तुमाले द्यायले देला."

"मंग द्याचा असता! मले काय समजलं असतं?"

"काहीच नाही."

"मंग कायले सांगून राह्यले?"

उस्मानने फडके काखेत घट्ट धरले.  

"काय लिवलं होतं त्याच्यात?" गुलाबरावाने विचारले.

"वाचलाच नव्हता कोनी."

"म्हंजे आमच्या बापजाद्यानं हळदकुंकू वाह्यलं, न् तुमी आंघोळ घातली. झालं!" गुलाबराव हसला नाही. त्याने बांध फोडून पाणी पुढच्या वाफ्यात घेतले आणि पुन्हा वर पाहिले नाही.

रविवारच्या बाजारात ती गोष्ट सर्वांना ठाऊक झाली. सोमवारपासून लोक मंडळाच्या खोलीवर येऊ लागले. कोणी भांडले नाही. पावती दाखवीत, कागद मागत. बापूराव पहिल्या दिवशी समजावीत राहिले, दुसऱ्या दिवशी कोर्टात कामाला गेले. उस्मान कागदांचा एकेक बस्ता सोडून ज्याचा कागद त्याच्या हाती देत होता आणि वहीतल्या नोंदीवर आडवी रेघ ओढत होता.

शेवटी रिसोडहून गिरजाबाई आल्या. सासऱ्यांच्या नावाचे एक मोडी पत्र त्यांनी दिले होते.

"याचा कोपरा फाटला हाये बाप्पा. तेवढा चिटकवून दे."

"वाळायले दुपार होईल, आजी."

"होऊ दे."

उस्मानने खळ केली, कोपरा जोडला आणि पत्र फळीवर ठेवले. गिरजाबाईंनी पदर सावरला, फळीसमोर बैठक मारली आणि पत्र वाळेपर्यंत नजर हलवली नाही.