रुळाकडची भिंत

लढाई संपली आणि मी पलटणीतून सुटून पलूसजवळच्या आमच्या गावी परतलो, तो ट्रंकेत चार ब्रश घेऊनच. तिकडे फौजी मोटारींवर आकडे आणि खुणा रंगवायचं काम केलं होतं. तेवढ्यावर, आपल्यासारखा रंगारी साऱ्या सातारा-सांगलीत नाही, अशी माझी पक्की समजूत झाली होती. भिंतींवर जाहिराती रंगवायचा धंदा काढतो म्हणालो, तेव्हा वडील एवढंच बोलले, "चैतापतोर बघ. न्हाई जमलं तर उसाला पाणी पाजाय ये." पाटाच्या चिखलात उभं राहायचं मला भारी वावडं.

पहिलं गिऱ्हाईक मिळालं ते सांगलीतला चहाचा एक जैन व्यापारी. आवाज मऊ, पण अट कडक. "सोमवारी दुपारच्या गाडीनं मी कराडला जाणार. डब्यात बसून मला तुमची जाहिरात दिसली, तर कराडपर्यंत रुळाकडच्या मिळतील तेवढ्या भिंती तुम्हीच रंगवायच्या. नाही दिसली, तर विषय संपला."

गावाबाहेर रुळाला लागून एका शेतकऱ्याच्या गोठ्याची लांबलचक भिंत होती. त्यानं खुशीनं होकार दिला. मी तीन दिवस खपून विलायती तेलरंगात किटली काढली, कपबशी काढली, कपातली वाफसुद्धा काढली. शेजारी चहाच्या गुणांचं आठ ओळींचं स्वतः रचलेलं कवन लिहिलं आणि खाली दुकानाचं नाव घातलं.

सोमवारी सकाळी आपलंच काम डोळे भरून बघायला गेलो, तर किटलीवरून शेण ओघळत होतं. समोर शेतकऱ्याची बायको पाटी घेऊन उभी. इतके दिवस ती माहेरी होती. ती शेण्या थापत होती आणि त्या तेलरंगावरून घसरून पडत होत्या.

"ह्यो तुजा उद्योग व्हय?" ती कडाडली. "माजी शेण्यांची भिंत हाय ही!"

"आवं मावशी, मालकांनी दिली की!"

"मालकानं शेणी थापलीया का कवा?"

मी हात जोडले आणि व्यापाऱ्याची अट, वडिलांचं बोलणं, सगळं सांगून टाकलं. ती जरा निवळली. कमरेवर हात ठेवून भिंतीकडे बघत राहिली.

"मला वाचाय येत न्हाई," ती म्हणाली, "पर रोज हितनं गाडी बघती. खिडकीत बाई हाय का बापय, त्ये सुदीक कळत न्हाई. तुजी ही मुंग्यांची रांग कुणाला दिसायची? पळ बघू रुळाकडनं, आन् वाच."

मी पळालो. माझंच कवन, तोंडपाठ, तरी 'ताजा' एवढाच शब्द हाती लागला. परत पळालो, तर तोही निसटला.

"एकच लिव," ती म्हणाली. "पर बैलाएवढं."

मग तिनं पदर खोचला. खुरप्यानं माझी किटली, कपबशी, वाफ, सगळं खरवडून काढलं. शेण-मातीचा काला केला, नवऱ्याला पाण्याला जुंपलं आणि भिंत या टोकापासून त्या टोकापर्यंत सारवली. अर्धवट ओल्या सारवणावर मी घरात लावायच्या चुन्यानं दोन अक्षरं काढली: चहा. काळपट भिंतीवर ती अशी उठली, की मी लहान पोरासारखा नाचलो.

दुपारची गाडी धडधडत गेली. खिडक्यांतून हात बाहेर आले, बोटं भिंतीकडे वळली. मावशीनं शेणाचा हात उंच करून सगळ्या गाडीला निरोप दिला.

तासाभरानं व्यापारी पुढच्या स्टेशनावरून रुळाच्या कडेनं चालत आला. टोपी हातात, घामाघूम.

"दिसलं. लांबून दिसलं," तो म्हणाला. "पण चहा कुणाचा?"

नाचण्याच्या नादात दुकानाचं नाव राहूनच गेलं होतं! मी खाली मान घातली. पण तो हसत होता.

"अहो, सगळा डबा एकमेकाला तेच विचारतोय! राहू द्या असंच. लगेच पुढच्या भिंतीवर नाव येऊ द्या, म्हणजे कुणी विसरायचं नाही. ती भिंत मिळवा, की कराडपर्यंतच्या तुमच्या."

ती पुढची भिंत मावशीच्या जावेची होती. घराची वाटणी झाली त्या दिवसापासून दोघींचं बोलणं बंद होतं. शेतकऱ्यानं हळूच मला खूण केली, नाद सोड म्हणून.

मावशीनं शेणाची पाटी उचलली, मधला बांध ओलांडला आणि जावेच्या दारात जाऊन उभी राहिली.

"आगं ये," तिनं हाक मारली, "तुजी भिंत सारवू लागू का?"